संशोधनातली बिननावाची माणसं

1981 सालची गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांचा आणि माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, बारा वर्षांची. लातूर जिल्हा अजून व्हायचा होता. आमचं मुरुड उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. आपाचं डोकं रोज पहाटे दुखायचं. उठली की उलटी व्हायची आणि उलटी झाली की थोडं बरं वाटायचं. मग ती शाळेत यायची. पुढं पुढं तिला बाजूचं दिसेना. रस्त्यानं चालताना दारांच्या चौकटींना खांदा लागायचा. तिच्या वर्गातल्या मुली भराभर उंच झाल्या, ही मात्र तेवढीच राहिली.

शेजारच्या काकूंनी मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली. फुफीनं दर्ग्यातला धागा आणून दंडाला बांधला. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी चष्मा दिला, तिसऱ्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. त्यात आठ महिने गेले. कुणाची नियत खोटी नव्हती. डोक्याच्या आत काय चाललंय ते पाहायची सोयच आमच्या भागात नव्हती. शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळ्याच्या पडद्याची तपासणी केली आणि अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं, "डोळा चांगला आहे, दुखणं डोळ्याच्या मागं आहे. हिला मुंबईला न्या."

अब्बा शिवणकाम करायचे. त्यांनी एक मशीन विकली. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई असा तो प्रवास झाला. मुंबईत कवटीचा एक्स-रे काढला, त्यात मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या वर, चुन्याचे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, पण कॅन्सर नाही. अब्बांना त्यातला 'पण' एवढाच शब्द ऐकू आला असावा, कारण ते तिथंच जमिनीवर बसले.

आज मला मेंदूतल्या गाठींविषयी आणि त्यावर झालेल्या संशोधनाविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा साधा बी. ए. झालेला माणूस आहे. पण घरात हे दुखणं चाळीस वर्षांहून जास्त काळ राहिल्यामुळं त्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो.

कवटी उघडण्याचं धाडस फार जुनं आहे. बौद्धांच्या विनयपिटकात जीवक नावाच्या वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका व्यापाऱ्याचं डोकं सतत दुखायचं. जीवकानं त्याला खाटेला बांधून कवटी उघडली, आतून दोन किडे काढले आणि जखम शिवली. ही कथा म्हणूनच घ्यायची, पण त्या काळी डोकेदुखीचं कारण कवटीच्या आत शोधावं असं कुणाला तरी वाटत होतं, हे त्यातून कळतं. पुढं इसवी सन 1000 च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल् झहरावी या हकिमानं शस्त्रक्रियेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कवटीच्या हाडावर वापरायच्या हत्यारांची चित्रं आहेत.

पण मेंदूच्या आतली गाठ बाहेरून ओळखून, नेमकी तिथं कवटी उघडून काढायला 19 वं शतक संपत यावं लागलं. 25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदानं हेंडरसन नावाच्या 25 वर्षांच्या स्कॉटिश शेतकऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. एक्स-रे तेव्हा नव्हता, तो 1895 मध्ये आला. हेंडरसनच्या हाताला झटके यायचे आणि मग हात लुळा पडत गेला. एवढ्यावरून डॉ. बेनेट यांनी गाठ मेंदूत कुठं असेल ते सांगितलं, आणि ती तिथंच सापडली. गाठ निघाली, पण जखमेत संसर्ग झाला आणि सुमारे महिन्याभरात हेंडरसन गेला. वैद्यकाच्या पुस्तकांत गॉडली आणि बेनेट यांची नावं ठळक येतात. हेंडरसनचं नाव शोधावं लागतं.

पुढची पन्नास वर्षं ही मृत्यूचं प्रमाण कमी करण्याची होती. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी रक्तस्राव आटोक्यात ठेवायच्या युक्त्या काढल्या, प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली आणि 1931 पर्यंत मेंदूच्या दोन हजार गाठींची मोजदाद पूर्ण केली. पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी 1927 मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र एक्स-रेवर घेतलं. आणि 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये एका स्त्रीच्या डोक्याचा पहिला सी. टी. स्कॅन झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्यानं ते यंत्र बनवलं. तो नोकरीला होता इ.एम.आय. कंपनीत. आपल्या घरी कुत्र्याचं चित्र असलेल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या असायच्या, त्याच कुळातली ही कंपनी. त्या स्त्रीच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. कवटी न उघडता ती गाठ चित्रात दिसली. हाउन्सफील्ड यांना 1979 मध्ये अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग 1949 मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. दुसऱ्या वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम उभं केलं. 1951 मध्ये चौघा डॉक्टरांनी मिळून न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. चौघंच! मुंबईत डॉ. राम गिंडे, केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी पाया घातला. कॅन्सरसाठी परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेलं होतंच. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यांच्या मागोमाग सर दोराबजी गेले आणि त्यांच्या ट्रस्टनं हे रुग्णालय बांधलं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरवर किरणांचा उपचार लागतो, म्हणून ते तिकडं गेलं.

आता पुन्हा आपाकडं येतो. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली नाही, कारण ती दृष्टीच्या नसांना चिकटलेली होती. राहिलेल्या भागासाठी सहा आठवडे किरण दिले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणं गाठीभोवतीचा बराच मोठा भाग किरणांखाली येत असे. नेम धरायला आजच्यासारखी साधनं नव्हती. आपा वाचली. गावात पेढे वाटले. पण शाळेत गेली तर तिला पाढे आठवेनात. बाराचा पाढा तिचा पाठ होता, मी तिच्याकडूनच शिकलो होतो. वाचलेलं पान उलटलं की मागचं पुसून जायचं. दहावीला ती तीनदा बसली. उंची वाढली नाही. अम्मी म्हणायची, "जान दिली अल्लानं, बाकी काय मागू?" पण रात्री तीच अम्मी रडायची.

मला पुढं कळलं की हे आपाच्या एकटीच्या नशिबात नव्हतं. जगभरातल्या मुलांचं असं होत होतं. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला किरण लागले की स्मरण, शिकण्याची गती, अंतःस्रावी ग्रंथींचं काम यांवर परिणाम होतो. म्हणजे प्रश्न असा होता : मूल वाचवताना त्याची बुद्धी आणि वाढही वाचवता येईल का?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मुंबईनं दिलं, आणि हे फारसं कुणाला माहीत नाही. टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक चाचणी सुरू केली. साध्या किंवा सावकाश वाढणाऱ्या मेंदूच्या गाठी असलेले 3 ते 25 वर्षं वयाचे 200 रुग्ण त्यात घेतले. आपाला जी गाठ होती, तसल्या गाठीची मुलंही त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना किरणांची मात्रा सारखीच, 30 दिवसांत विभागलेली. फरक एवढाच, की एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं आणि दुसऱ्याला डोकं अगदी अचूक स्थिर ठेवून, गाठीच्या आकाराबरहुकूम किरण दिले, म्हणजे आजूबाजूच्या मेंदूला कमीत कमी झळ लागावी.

रुग्ण मिळवायलाच 2012 साल उजाडलं. मग पाच पाच वर्षं त्या मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून त्यांची बुद्धिमत्ता तपासली, रक्तातली संप्रेरकं तपासली. आपल्याकडं लोक एकदा बरे झाले की दवाखान्याचं तोंड पाहत नाहीत. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, मुंबईत राहायची पंचाईत, हे सगळं सोसून आईबाप मुलांना घेऊन येत राहिले. 2017 मध्ये निष्कर्ष अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. वाचण्याच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण अचूक किरण मिळालेल्या मुलांची बुद्धी अधिक चांगली टिकली. संप्रेरकांचा नवा बिघाड पाच वर्षांत जुन्या पद्धतीच्या गटात 51 टक्के होता, नव्या पद्धतीत 31 टक्के. मेंदूच्या डाव्या कानशिलाकडच्या भागाला जास्त किरण लागले तर बुद्धीवर अधिक परिणाम होतो, हेही याच मंडळींनी आधी दाखवलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपाच्या बाराच्या पाढ्याला शास्त्रीय उत्तर मिळालं. 1981 मध्ये कुणी चूक केली नव्हती. त्या वेळी जे ठाऊक होतं ते केलं. पण ठाऊक व्हायला ही 200 मुलं लागली.

गेल्या वीस वर्षांत आणखी बरंच घडलं, ते थोडक्यात सांगतो. मेंदूच्या सगळ्या गाठी सारख्या नसतात. सगळ्यात वाईट जी ग्लायोब्लास्टोमा, तिच्यावर 2005 मध्ये 573 रुग्णांच्या चाचणीतून असं दिसलं, की किरणांबरोबर टेमोझोलोमाइड नावाची गोळी दिली तर दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर जातं. आयुष्य सरासरी दोन-अडीच महिन्यांनीच वाढतं. हे यश मोठं म्हणायचं की छोटं, ते ज्याच्या घरात रुग्ण आहे त्यानं ठरवावं. 2008 मध्ये काही गाठींत आय.डी.एच. नावाच्या जनुकातला बदल सापडला, आणि तेव्हापासून गाठीचं नाव तिच्या रूपावरून ठरायचं ते तिच्या जनुकांवरूनही ठरू लागलं. 2016 आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसं वर्गीकरणच बदललं. तोच जनुक-बदल असलेल्या सावकाश वाढणाऱ्या गाठींवर व्होरासिडेनिब ही गोळी आली. 331 रुग्णांच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढू लागण्याआधीचा काळ 11 महिन्यांवरून जवळजवळ 28 महिन्यांवर गेला. 2024 मध्ये अमेरिकेनं तिला मान्यता दिली.

लहान मुलांच्या मेंदूत मागच्या बाजूला होणारी मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ असते. तिचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुठला प्रकार आहे ते कमी खर्चात ओळखायची एक चाचणी खारघरच्या टाटा संस्थेतल्या डॉ. नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी तयार केली. 2013 मध्ये ती प्रसिद्ध झाली. याच गाठीवर जी औषधं देतात त्यांतलं एक, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळतं. आपल्या अंगणात, कब्रस्तानात, देवळाच्या पाराशी बारमाही फुलणारी ती सदाफुली! म्हणून कुणी पानं चावत बसू नये. झाडात ते औषध अतिशय कमी असतं आणि बाकीचं विषारी असतं. खारघरलाच 2023 मध्ये प्रोटॉन किरणांचं केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. प्रोटॉन गाठीपाशी जाऊन थांबतात, पलीकडं फारसे जात नाहीत. मुलांसाठी त्याचा उपयोग आहे.

मला नेहमी एक प्रश्न विचारतात, मोबाइलनं ब्रेन ट्यूमर होतो का? 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अशा लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' या गटात टाकलं होतं. त्यानंतर बरेच अभ्यास झाले. त्या संघटनेनंच करवून घेतलेला एक मोठा आढावा 2024 मध्ये आला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्यायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत, हे कारण नको.

श्रोतेहो, संशोधन म्हटलं की आपल्याला मुंबई, लंडन, अमेरिका आठवते. पण आमच्या मुरुडवरून जो रस्ता येडशी ओलांडून बार्शीला जातो, त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जगातली एक फार मोठी वैद्यकीय चाचणी झालेली आहे. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत माणसं जायची आणि कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून रक्त जातंय, अशी चौकशी करायची. रोगी दवाखान्यात येत नाही, तर आपण जावं, असा विचार त्यामागं डॉ. भगवान नेने आणि टाटाच्या मंडळींनी केला. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

मग 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात चाचणी सुरू झाली. 52 ग्रामसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका. चार गट. एकाची विषाणूसाठी एच.पी.व्ही. तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था, म्हणजे वेगळी तपासणी नाही. 2009 मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात 64. गट जवळपास सारखेच होते. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना ही तपासणी करायला सांगते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत आपल्या खेड्यातल्या या बायका आहेत.

त्या 64 जणींचं काय? या चौथ्या गटावरून पुढं टीका झाली. तपासणीनं फायदा होतो हे इतर देशांत ठाऊक असताना 31 हजार बायकांना त्याशिवाय का ठेवलं, असा आक्षेप होता. उत्तर असं होतं, की त्या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि आपल्या परिस्थितीत काय चालतं हे तुलना केल्याशिवाय कळलं नसतं. मला दोन्ही म्हणणी समजतात. पण त्या 64 जणींपैकी एखादी आमच्या नात्यातली असती, तर मला दुसरं म्हणणं किती समजलं असतं, हे मी सांगू शकत नाही. संशोधनात भाग घेणाऱ्याला आधी सगळं त्याच्या भाषेत सांगावं आणि त्याची राजीखुशी घ्यावी, असे नियम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2000 मध्ये केले आणि 2017 मध्ये ते आणखी कडक केले, ते अशाच प्रश्नांतून.

याच बार्शीत आणि देशातल्या इतर केंद्रांवर 2009 मध्ये मुलींना एच.पी.व्ही.ची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. 2010 मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाल्यानं सरकारनं सगळीकडं लसी थांबवल्या. हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली होती. अभ्यास बुडाला असंच वाटलं असेल. पण डॉक्टरांनी त्या मुलींचा माग सोडला नाही, आणि दहा वर्षांनी दिसलं की एका मात्रेनंही जवळपास तेवढंच संरक्षण मिळतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक मात्राही चालेल असं जाहीर केलं. गरीब देशांचा किती खर्च वाचला असेल याचा विचार करा.

आमचा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या सिकंदराबादला 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. त्यांना नोबेल मिळालं. ते डास ज्या तापकऱ्याला चावले होते, त्याचं नाव हुसेन खान. एका डासामागं त्याला एक आणा मिळायचा. रॉसनं निदान त्याचं नाव लिहून ठेवलं. आता नावं छापायची नाहीत असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. तरी कुठलीही गोळी घेताना, तिच्यामागं कुणीतरी आधी ती घेतलेली आहे, एवढं आपण ध्यानात ठेवायला हरकत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. पहाटे डोकं दुखून उलटी होणं, बाजूचं न दिसणं, चालताना तोल जाणं, मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणं, मुलाची उंची अचानक थांबणं, यांतलं काही दिसलं तर दृष्ट जरूर काढा, दुआही मागा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जा. बहुतेक वेळा गाठ निघत नाही, साधंच काहीतरी असतं. स्कॅनची सोय आता लातूरला आहे. आपाचे गेले तसे आठ महिने कुणाचे जाऊ नयेत.

आपा मुरुडलाच असते. सकाळी संप्रेरकांच्या गोळ्या घेते, कोंबड्यांना दाणे टाकते. हे भाषण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. मध्येच थांबवून मागचं पुन्हा विचारत होती, मी पुन्हा वाचत होतो. शेवटी तिनं विचारलं, "त्या दोनशे लेकरांत आपल्याकडचं कुणी होतं का रे?" मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "मग त्याला पाढे येत असतील."